आज्ञेच्या पोटातलं गणित

पाचाडहून मान वर केली की रायगडाचा कडा किती उभा आहे, हे कुणी सांगावं लागत नाही. वाड्यांमागचे डोंगर मात्र असे नजरेने मोजता येत नाहीत. जुलै २०२१च्या पावसात महाड तालुक्यातलं तळिये दरडीखाली गेलं, पोलादपुरात केवनाळे आणि साखर-सुतारवाडीवर दरडी कोसळल्या. एकट्या उतारावरून दरडीचं भाकीत होत नाही. पण तपासणी उतारापासूनच सुरू होते.

त्यासाठी लागणारी उंची फुकट मिळते. फेब्रुवारी २०००मध्ये ‘एंडेव्हर’ यानाने रडारने ती मोजली, साधारण दर तीस मीटरला एक आकडा. हा साठा एकेका अंशाच्या चौकोनांत कापलेला असतो, आणि अठरा अंश अक्षांशाची रेघ नेमकी महाड आणि पोलादपूर गावांच्या मधून जाते. म्हणजे आधी दोन चौकोन जोडा, मग हवा तेवढा भाग कापा, मग उतार काढा. ‘जीडाल’ या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक कामाला टर्मिनलवर टंकायची वेगळी आज्ञा आहे. फ्रँक वॉर्मरडॅम यांनी ते १९९८मध्ये सुरू केलं.

गंमत अशी, की जीडाल मुळात लायब्ररीच. इतरांनी आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरावी म्हणून लिहिलेली. पण भोवतालच्या आठ उंचींवरून उतार काढणारं गणित मात्र आज्ञेच्याच पोटात अडकलेलं. कुणाला आपल्या अ‍ॅपमध्ये ते हवं असेल, तर अ‍ॅपने आज्ञा चालवायची, तिने डिस्कवर फाइल लिहायची, अ‍ॅपने ती पुन्हा वाचायची.

२०१५च्या ‘गुगल समर ऑफ कोड’मध्ये हे गणित बाहेर काढायचं काम झालं आणि २०१६च्या २.१ आवृत्तीत ते लोकांच्या हाती आलं. नुसता कोड उचलून दुसरीकडे ठेवणं पुरत नव्हतं. आज्ञा चूक दिसली की सरळ ‘एक्झिट’ करते. टर्मिनलवर ते ठीक, पण तोच कोड अ‍ॅपच्या आत चालला तर अख्खं अ‍ॅप बंद पडणार. म्हणून चूक झाल्यास आता फंक्शन रिकामा हात दाखवून परत येतं, पुढचं अ‍ॅपने ठरवायचं. सामायिक चलांतले पर्याय एका वेगळ्या रचनेत गेले. फाइलच्या नावाऐवजी मेमरीतला नकाशाही देता येऊ लागला. जुनी आज्ञा राहिली, पण पातळ झाली: पर्याय वाचायचे आणि फंक्शनला हाक मारायची.

पर्याय मात्र फंक्शनलाही आज्ञेसारखेच शब्दांच्या यादीत द्यायचे. दिसायला ओबडधोबड, पण मला हे शहाणपणाचं वाटतं: जुनी माहितीपुस्तिका जशीच्या तशी चालते.

आज्ञेचे खाचखळगेही सोबत आलेच. हे चौकोन अंशांत आणि उंची मीटरमध्ये, तेव्हा २०२५पर्यंत प्रमाण म्हणून ११११२० हा आकडा द्यावा लागे. विसरलं तर पाचाडचं सपाट शेतही कड्यासारखं उभं दिसे. शिवाय इथे पूर्व-पश्चिम अंश सुमारे १०६ किलोमीटरचाच. म्हणून नेमक्या कामासाठी नकाशा आधी यूटीएम या प्रक्षेपणाच्या ४३व्या पट्ट्यात, म्हणजे मीटरमध्ये, आणतात. त्यासाठीचं ‘वॉर्प’ही आता फंक्शन म्हणून मिळतं.