ओळख मोटारगाडीची – लेखांक ११ : डॅशबोर्डवरचे इशारादिवे

इग्निशन चालू केले की इंजिन सुरू होण्याआधीच डॅशबोर्डवरचे बहुतेक दिवे एकदम लागतात. ही त्या दिव्यांचीच चाचणी असते. एबीएस आणि एअरबॅगचे दिवे काही सेकंदांत विझतात. ऑइल आणि बॅटरीचे दिवे मात्र इंजिन सुरू होईपर्यंत राहतात, कारण तोवर तेलाला दाब नसतो आणि अल्टरनेटर फिरत नसतो. या चाचणीत एखादा दिवा लागलाच नाही, तर तो गेलेला असतो किंवा बिघाड झाकण्यासाठी कुणीतरी मुद्दाम बंद केलेला असतो. जुनी गाडी विकत घेताना हे आवर्जून पाहावे.

दिव्याचा रंग निकड सांगतो. लाल दिवा लागला तर गाडी सुरक्षित जागी लगेच थांबवायची असते. पिवळा लागला तर गाडी चालवता येते, पण तपासणी लांबवू नये. हिरवे आणि निळे दिवे केवळ माहितीचे असतात. नेमका कोणता भाग बिघडला हे मात्र कोणताच दिवा सांगत नाही. एखाद्या ठिकाणी मोजलेले मूल्य मर्यादेबाहेर गेले, एवढेच त्यातून कळते. ते का गेले, हे शोधणे म्हणजे निदान.

लाल दिव्यांत सर्वांत घातक तेलाच्या झारीचा. तो तेलाची पातळी नव्हे, तर दाब दाखवतो. दाब नसताना इंजिन काही मिनिटे जरी चालले तरी बेअरिंग घासून ते जाम होऊ शकते. म्हणून इंजिन तत्काळ बंद करावे, सपाट जागी पाच-दहा मिनिटे थांबावे आणि मग डिपस्टिक पाहावी. पातळी कमी असल्यास योग्य ग्रेडचे तेल घालावे. पातळी ठीक असूनही दिवा लागत असेल, तर गाडी टो करूनच न्यावी. गॅरेजमध्ये प्रेशर स्विच काढून तिथे गेज लावतात. गेजवर दाब बरोबर दिसला तर दोष स्विचचा, म्हणजे स्वस्तातले काम. कमी दिसला तर ऑइल पंप, त्याची जाळी किंवा बेअरिंग तपासावे लागते.

बॅटरीचा दिवा चार्जिंग होत नसल्याचे सांगतो. हा दिवा पाहून थेट नवी बॅटरी बसवली, तर तीही थोड्याच वेळात उतरते. इथे मल्टिमीटर पुरेसा आहे. इंजिन बंद असताना चांगली चार्ज झालेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना सर्वसाधारणपणे १३.५ ते १४.५ व्होल्ट यायला हवेत. आकडा वर चढत नसेल तर आधी बेल्ट, मग वायरिंगची जोडणी आणि शेवटी अल्टरनेटर पाहावा. काही गाड्यांत त्याच बेल्टवर वॉटर पंपही चालतो; तिथे बेल्ट तुटला तर इंजिनही तापते.

तापमानाचा लाल दिवा लागल्यावर रेडिएटरचे झाकण उघडू नये. आतले कूलंट दाबाखाली असल्याने शंभर अंशांपुढेही उकळत नाही. झाकण उघडताच दाब उतरतो आणि ते उसळून अंगावर येते. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच पातळी पाहावी. गाडी कधी तापते यावरूनही कारण हेरता येते. फक्त ट्रॅफिकमध्ये तापत असेल तर संशय पंख्यावर. लांबलचक घाट चढताना किंवा हायवेवर वेगात तापत असेल तर तुंबलेला रेडिएटर, थर्मोस्टॅट किंवा वॉटर पंप यांच्यावर.

ब्रेकचा दिवा हँडब्रेक पूर्ण उतरवूनही राहिला, तर ब्रेक ऑइलची पातळी पाहावी. ब्रेक पॅड झिजले की ऑइल कॅलिपरकडे सरकते आणि टाकीतली पातळी खाली येते. अशा वेळी नुसते टॉप-अप केल्यास दिवा विझतो आणि झीज लपते. म्हणून पॅड आणि गळती दोन्ही तपासावेत.

पिवळ्या दिव्यांत सर्वाधिक गोंधळ 'चेक इंजिन'चा. त्यामागची ओबीडी-२ ही प्रणाली अमेरिकेत १९९६ पासून आणि भारतात २०१३ पासून मोटारींना लागू झाली. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचे सॉकेट असते; त्याला स्कॅनर लावला की नोंदलेला कोड वाचता येतो. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरचे मिसिंग, पी०१७१ म्हणजे इंधनाच्या मानाने हवा जास्त, पी०४२० म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची क्षमता घटलेली.

कोड वाचून लगेच पार्ट बदलणे ही महागडी चूक ठरते. पी०१७१ आला म्हणून ऑक्सिजन सेन्सर बदलतात. प्रत्यक्षात व्हॅक्यूमचा पाइप तडकलेला, एअरफ्लो सेन्सर मळलेला किंवा इंधनाचा दाब कमी असू शकतो. मिसिंगच्या कोडवर पहिल्या सिलिंडरची इग्निशन कॉइल दुसऱ्यावर लावून पाहतात. मिसिंग दुसऱ्या सिलिंडरवर गेले आणि कोड पी०३०२ झाला, तर कॉइल सदोष. नाही गेले तर प्लग, इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन या क्रमाने तपासतात. दिवा लुकलुकत असेल तर मिसिंग गंभीर आहे. न जळलेले इंधन कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि तो निकामी होतो. तेव्हा गाडी थांबवणेच बरे.

दुरुस्तीनंतर स्कॅनरने कोड पुसतात. पण कोड पुसणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. त्यासोबत प्रणालीच्या स्वयंचाचण्यांचे निकालही पुसले जातात आणि त्या पुन्हा पूर्ण व्हायला काही दिवसांचा नेहमीचा प्रवास लागतो. कोड न पुसताही, दोष खरोखर गेला असेल तर सामान्यतः लागोपाठ तीन निर्दोष फेऱ्यांनंतर दिवा आपोआप विझतो. स्वयंचाचण्या पूर्ण होऊनही कोड परतला नाही, तरच दुरुस्ती झाली असे मानावे.