फोकर ट्रायप्लेन : प्रतिकृती खरी कधी ठरते? (लेखांक ५)

शिल्लक राहिलेलं जुनं विमान उडवावं की संग्रहालयात जपून ठेवावं, हा वाद आपण मागच्या लेखांकात पाहिला. पण मूळ विमानच उरलं नसेल तर? पहिल्या महायुद्धातलं जर्मन फोकर डीआर १, म्हणजे एकावर एक तीन पंख असलेलं लढाऊ विमान, हे याचं सर्वांत ठळक उदाहरण. अशी ३२० विमानं तयार झाली आणि आज त्यांतलं एकही पूर्ण विमान जगात नाही. २१ एप्रिल १९१८ रोजी प्रसिद्ध जर्मन वैमानिक मानफ्रेड फॉन रिश्टहोफेन ज्या लाल विमानात मारला गेला, त्या ४२५/१७ क्रमांकाच्या विमानाचे तुकडे सैनिकांनी आठवण म्हणून तोडून नेले. बर्लिनच्या संग्रहालयात जपलेलं १५२/१७ दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बवर्षावात नष्ट झालं. तरीही युरोप, अमेरिका आणि न्यूझीलंडमधल्या हवाई प्रदर्शनांत फोकर ट्रायप्लेन उडताना दिसतं. ती सगळी नव्याने बांधलेली पूर्णाकृती विमानं आहेत. अशा विमानाचं मोल ते मूळ विमानासारखं किती दिसतं यावर ठरत नाही, असं माझं मत आहे. त्यात मूळचं काय राखलं, काय बदललं आणि का बदललं, याची चोख नोंद ठेवली आहे की नाही, यावर ते ठरतं.

आधी बांधणाऱ्याच्या हाती काय असतं ते पाहू. कारखान्याचे आराखडे बहुतेक हरवलेले आहेत. छायाचित्रं भरपूर आहेत, पण छायाचित्रात पत्र्याची जाडी कळत नाही. सर्वांत भरवशाचा पुरावा शत्रूच्या दप्तरातून मिळतो. जानेवारी १९१८मध्ये १४४/१७ क्रमांकाचं ट्रायप्लेन ब्रिटिशांच्या हाती लागलं. त्यांनी त्याला ‘जी १२५’ असा क्रमांक दिला, ते बारकाईने तपासलं आणि त्याचा अहवाल तयार केला. असे अहवाल, छायाचित्रं आणि इकडेतिकडे विखुरलेले तुकडे यांच्या आधारे पुढे आराखडे उभे राहिले. अमेरिकेत वॉल्ट रेडफर्न यांनी काढलेल्या आराखड्यांवरून तर अनेक हौशी लोकांनी आपापली विमानं बांधली. काम सुरू झालं की कागदावर न दिसलेल्या गोष्टी हाताला कळू लागतात. या विमानाच्या पंखाची मागची कड दातेरी, लहरी-लहरींची दिसते. ती नक्षी कोणी मुद्दाम काढलेली नाही. मागच्या कडेला लाकडाची पट्टी नसून फक्त एक तार ओढलेली असते. तिच्यावर कापड चढवून ‘डोप’ नावाचं रसायन फासलं की कापड आक्रसतं आणि दोन बरगड्यांच्या मधली तार आत ओढली जाते. म्हणजे तो आकार बांधणीच्या पद्धतीतून आपोआप येतो. लाकडी कड लावून ती तशी कापून घेतली, तर लांबून चित्र तेच दिसेल, पण त्या आकारामागचं कारण त्या विमानातून निघून गेलेलं असेल.

या विमानाच्या इतिहासातला सर्वांत गंभीर प्रश्नही पंखांचाच आहे. ऑक्टोबर १९१७च्या अखेरीस दोन जर्मन वैमानिक एकापाठोपाठ एक पंख मोडून मारले गेले. त्यांत हाइनरिख गॉन्टरमान हा नामवंत वैमानिक होता. सगळी ट्रायप्लेन तातडीने जमिनीवर आणली गेली. चौकशीत दोष कारागिरीवर आला: लाकडाला वॉर्निश नीट लावलेलं नव्हतं, आत ओलावा साचला, गोंद सुटला आणि बरगड्या निखळल्या. फोकरच्या कारखान्याला काम सुधारण्याची तंबी मिळाली. पण त्यानंतरही, १९१८मध्ये, वरचे पंख निकामी होण्याच्या घटना घडल्याच. याचं एक महत्त्वाचं उत्तर १९२९मध्ये अमेरिकेच्या नाका या संस्थेच्या संशोधनातून मिळालं. तिन्ही पंख सारखा भार उचलत नाहीत. जास्त वेगात क्षेत्रफळाच्या मानाने वरच्या पंखावर खालच्या पंखाच्या २.५५ पटींपर्यंत उचल येऊ शकते. त्या काळी पंखांवर वाळूच्या पिशव्या रचून मजबुती तपासत. पण कोणत्या पंखावर किती पिशव्या ठेवायच्या हेच चुकीचं धरलं असेल, तर पंख चाचणीत उत्तीर्ण होऊनही आकाशात मोडू शकतो.

आता नव्याने बांधलेल्या ट्रायप्लेनकडे पाहू. त्यात बहुधा आधुनिक, पाण्याला दाद न देणारा गोंद असतो. ते सुरक्षित उडतं म्हणून ‘मूळ रचना ठीकच होती, वाईट होती ती कारागिरी’ असा निष्कर्ष कोणी काढला, तर तो टिकणार नाही. गोंद बदलला त्याच क्षणी ओलाव्याच्या प्रश्नाचं उत्तर देण्याची त्या विमानाची क्षमता संपली. मात्र तिन्ही पंखांचा आकार आणि त्यांच्यातलं अंतर काटेकोर ठेवलं असेल, तर भाराची वाटणी आजही त्याच विमानावर उपकरणं बसवून मोजता येईल. एकच विमान एका प्रश्नाला मुकं असतं आणि दुसऱ्याला बोलकं. ते कुठे मुकं आहे, हे नोंदीशिवाय कळायला मार्ग नाही. भारतातलं एक उदाहरणही याच जातीचं आहे. १९४४मध्ये इथे असलेल्या ब्रिटिशांच्या लाकडी मॉस्किटो विमानांचे पंख निकामी झाले, तेव्हा आधी पावसाळ्यातल्या हवेला दोष दिला गेला. नंतरच्या चौकशीत बांधणीतल्या त्रुटींवर बोट ठेवलं गेलं. हवा आणि हात यांतला दोषी कोण, हे ठरवायला मूळ बांधणी नेमकी कशी होती हेच माहीत असावं लागतं.

इंजिनाचंही तेच. मूळच्या ११० अश्वशक्तीच्या ओबरउर्सेल इंजिनात मधला दांडा स्थिर असतो आणि नऊ सिलिंडर पंख्यासह गरागरा फिरतात. त्या फिरत्या वजनामुळे विमान वळताना नाक वर किंवा खाली ढकललं जातं. वंगणाचं एरंडेल तेल परत न येता बाहेर फेकलं जातं. उतरताना वेग कमी करायला वैमानिक बटण दाबून इंजिनाची ठिणगी थोडा थोडा वेळ तोडतो. आजची बरीच ट्रायप्लेन साध्या, स्थिर सिलिंडरांच्या लायकॉमिंग इंजिनावर उडतात. त्यांच्या वैमानिकाचा अनुभव खरा असला, तरी तो १९१७च्या वैमानिकाचा अनुभव नव्हे. न्यूझीलंडच्या ‘द व्हिंटेज एव्हिएटर’ने फिरती ओबरउर्सेल इंजिनं नव्याने घडवली, त्या मेहनतीचं मोल इथे आहे. विमान हाताळायला कसं होतं, हा प्रश्न त्यामुळे पुन्हा विचारता येतो.

यावर पहिला आक्षेप असा, की अस्सलपणापायी वैमानिकाचा जीव धोक्यात का घालायचा? घालूच नये. चांगला गोंद, आधुनिक पट्टे, ब्रेक हे सगळं जरूर वापरावं. माझा आग्रह जुन्या गोंदाचा नसून नोंदीचा आहे, आणि जुन्या गोंदाची परीक्षा जमिनीवर, एकटा पंख बांधूनही घेता येते. दुसरा आक्षेप पैशांचा: अस्सल जुनी विमानं गंजत असताना नव्यांवर खर्च का? हा आक्षेप मला मोलाचा वाटतो. जिथे मूळ विमान वाचवता येतं तिथे पहिला हक्क त्याचाच. पण फोकर ट्रायप्लेनच्या बाबतीत वाचवायला पूर्ण विमानच उरलेलं नाही, आणि जिथे उरलं आहे तिथेही नवं विमान उडवल्याने जुन्याची झीज वाचते. तिसरा आक्षेप संगणकाचा: सगळं गणिताने काढता येत असेल तर लाकूड कशाला तासायचं? गणिताला आकडे बांधणीतूनच पुरवावे लागतात. कापड किती आक्रसतं, जोड किती लवतो, हे कोणीतरी कापड ताणून आणि जोड भरूनच सांगू शकतं. शिवाय पातळ पोलादी नळ्यांचा सांधा वितळवून जोडणं, बरगड्यांवर कापड शिवणं ही कौशल्यं करणाऱ्याच्या हातातच टिकतात.

म्हणून प्रत्येक पूर्णाकृती प्रतिकृतीसोबत तिच्या बदलांची यादी जाहीरपणे ठेवण्याची प्रथा पडायला हवी, आणि ती प्रदर्शनातल्या फलकावर प्रेक्षकाला वाचता यायला हवी: आराखडा कुणाचा, गोंद कोणता, इंजिन कोणतं, कोणतं माप अंदाजाने घेतलं. अशी यादी दिल्याने विमानाचं आकर्षण कमी होत नाही. उलट ते पाहणाऱ्याला पुरावा आणि कल्पना यांतली सीमा दिसते, आणि शंभर वर्षांनी कुणी तेच विमान पुन्हा बांधायला घेतलं तर त्याला आपला अंदाज वस्तुस्थिती म्हणून वारशात मिळत नाही. नुसत्या लाल रंगाने रिश्टहोफेनची आठवण होईल, पण ट्रायप्लेन कसं होतं हे ज्ञान अशा नोंदीमुळेच पुढे जाईल.

(पुढील लेखांकात : फिरत्या इंजिनांचा उदय आणि अस्त)