इचोड्याच्या कातळाखालचे पाणी

हैदराबादहून नागपूरच्या सडकेने निघाले, की निर्मळनंतर महबूब घाट लागतो आणि घाट चढून थोडे पुढे गेले, की इचोडा येते. जुन्या संस्थानातील कित्येक मराठी घरांच्या ओळखीचा हा मुलूख. पाऊस येथे मराठवाड्याहून सरस. तरीही उन्हाळ्यात गोंड-कोलामांच्या गुड्यांवर घागरी घेऊन वणवण चालते, याचे नवख्याला नवल वाटते.

कारण पायाखाली आहे. काळ्या मातीखाली दक्खनचा काळा पाषाण. त्याच्या अंगात पाणी मुरत नाही. ते राहते वरच्या कुजलेल्या मुरमात आणि कातळाच्या भेगांत. ही साठवण उथळ. ओढ्यानाल्यांकडे पाझरून ती लवकर रिती होते. एकाच्या बोअरला धो धो पाणी आणि बांधापलीकडच्याच्या नशिबी नुसती धूळ, हा प्रकार त्यातूनच घडतो. पाणाड्याचा नारळ यावरच चालत आला. आम्हांला त्याची थट्टा करवत नाही. शेतकऱ्याच्या हाती दुसरे होते तरी काय?

आता साधने आली आहेत. केवळ पातळी पाहण्यासाठी खोदलेल्या, उपसा नसलेल्या अरुंद विंधन विहिरीत तारेने दाबमापक सोडतात. त्याच्यावर जितके पाणी, तितका दाब. त्यावरून काढलेला आकडा मोबाईलच्या जाळ्यातून थेट कचेरीत जातो. याहून अजब प्रयोग आपल्या हैदराबादच्याच राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने 2013 च्या सुमारास नागपूरजवळ चंद्रभागेच्या खोऱ्यात केला. (ही चंद्रभागा पंढरीची नव्हे!) हेलिकॉप्टरखाली तारेचे भले मोठे वेटोळे टांगायचे, त्यातील विजेचा प्रवाह एकाएकी तोडायचा. जमिनीत त्याने क्षणभर प्रवाह उठतात. ओल्या थरात ते रेंगाळतात, कोरड्या कातळात चटकन विरतात.

पण आकडा कचेरीत पडून रब्बीचा हरभरा वाचत नाही. तेलंगणात 1 जानेवारी 2018 पासून शेतीपंपांना चोवीस तास फुकट वीज मिळू लागली. तेव्हा पंप आवरण्यास विजेचे बिल उपयोगाचे नाही. 1956 साली अदिलाबादेतून किनवट निघून मुंबई राज्यात गेले, कातळ मात्र तोच राहिला. 2019 ची अटल भूजल योजना महाराष्ट्राच्या निवडक गावांना मिळाली. तीत पाऊस आणि विहिरी मोजून पाण्याचा ताळेबंद गावानेच मांडायचा होता. तेलंगण त्या सात राज्यांत नव्हते. योजना नसली म्हणून फळाही नसावा काय? दिवाळीपूर्वीची पातळी इचोड्याच्या बाजारात, कापसाच्या भावाशेजारी, तेलुगू, मराठी आणि गोंडी अशा तिन्ही भाषांत लिहिण्यास खडू तेवढा लागेल.