बोटांना दिसणारे पांघरूण

आपल्या घरांत लोकर येते ती बहुधा बाळंतविड्यासाठी. टोपडे, मोजे, फार तर एखादे दुपटे. म्हाताऱ्या माणसांना जुनी शाल पुरते, असे आपण धरूनच चालतो. त्यामुळे ब्याऐंशी वर्षांच्या सासूबाईंसाठी मी क्रोशाची सुई हाती घेतली, तेव्हा घरात थोडी थट्टाच झाली.

माईंना काचबिंदू आहे. या दुखण्यात गेलेली नजर परत येत नाही. थेंब घालायचे ते उरलेली राखण्यासाठी. माईंना आता खिडकीतला उजेड तेवढा कळतो. त्याबद्दल त्यांची कुरकुर नाही. त्यांना संकोच वाटतो तो रात्री हाक मारण्याचा. झोपेत पांघरूण आडवे होते, पाय उघडे पडतात; पण गुळगुळीत ब्लँकेटची लांबी कुठली अन् रुंदी कुठली हे हाताला समजत नाही. "एवढ्यासाठी कुणाची झोप कशाला मोडायची?" म्हणून त्या तशाच कुडकुडत पडून राहत. तेव्हा ठरवले, पांघरूण असे हवे की ते बोटांना दिसेल.

उठावाची वीण ऐकायला अवघड वाटते, पण साखळी आणि खांब येत असले की पुरे. एरवी आपण खालच्या खांबाच्या डोक्यात सुई घालतो. इथे ती त्याच्या कमरेभोवती घालायची. पुढून घातली तर नवा खांब वर उठतो, मागून घातली तर आत दबतो. चार उठलेले, चार दबलेले अशा चार ओळी झाल्या की उठलेल्यांवर दबलेले घ्यायचे. चटईसारखे चौकोन पडत जातात. काम उलटल्यावर मात्र ध्यानात ठेवा, की जो खांब त्या बाजूने उंच होता तो या बाजूने खोल दिसतो. दिसेल तसाच तो घ्यायचा. या विणीला उलट-सुलट नाही, आणि माईंसाठी मला नेमके तेच हवे होते.

मी १४४ खांब धरले आणि दोन्ही कडांना एकेक साधा. आठाच्या पटीत असले की चौकोन मोडत नाहीत. पाच मिलिमीटरची सुई, आठपदरी लोकर. पहिली साखळी आवळून येते, तेवढ्यापुरती एक नंबर मोठी सुई घ्यावी. नंतरची पहिली ओळ साध्या खांबांची, कारण कमर धरायला आधी खांब तर हवेत! ही वीण लोकर फार खाते. साध्या खांबांचे पांघरूण किलोभरात झाले असते, याला दीड किलो लागली. सगळी एकदमच आणावी. मागाहून आणलेल्या गुंड्यांचा रंग जुळेलच असे नाही. पण खर्च वाया जात नाही. उंचसखल जागांत हवा अडकून राहते आणि ऊब धरते.

डोक्याकडच्या कडेला बोंडांची ओळ घातली. एकाच टाक्यात पाच खांब अर्धवट ठेवून सगळे एकदम बंद केले की हरभऱ्याएवढे टपोरे बोंड उभे राहते. पायाकडची कड सपाट ठेवली.

माईंनी पांघरूण मांडीवर घेतले आणि बराच वेळ नुसता हात फिरवला. मग म्हणाल्या, "अगं, एकेचाळीस बोंडं आहेत. मी दोनदा मोजली."

शेजारच्या काकू म्हणाल्या, "सात-आठशेत दुकानात आयतं मिळालं असतं की!" मिळाले असते. माझ्या ओळीला वीस मिनिटे लागत, अशा सव्वाशे ओळी. चाळीस तासांवर गेले. पण घरी बसून विणणाऱ्या बाईच्या तासांना आपण काही मोल धरतो का? आंध्रातल्या नरसापूरच्या बायकांची क्रोशाची लेस कितीतरी वर्षे परदेशी जाते. मारिया मीस यांनी त्यांच्यावर १९८२ साली पुस्तक लिहिले. तिथेही तेच: गृहिणींचा फावला वेळ समजून मजुरी अगदी नावाला.

एक सूचना राहिली. ॲक्रिलिकच्या लोकरीवर इस्त्री फिरवू नका, उठाव कायमचा बसतो. ओले पांघरूण दोरीवरही टांगू नये, वजनाने ओघळते. आमचे गच्चीत चटईवर सावलीला पसरते, आणि ते वाळले की नाही हे माई स्वतः हात लावून सांगतात.