जुन्या गझेबोचा निरोप

२०२५ च्या जानेवारीत जुन्या गझेबोची, म्हणजे रोबो संगणकावर आभासी चालवून बघायच्या सिम्युलेटरची, अधिकृत देखभाल थांबली. मे संपता संपता रॉस-१ या रोबोंसाठीच्या सॉफ्टवेअरची शेवटची आवृत्ती, नोएटिकही गेली. रोबोटिक्सवाल्यांखेरीज कुणाला त्याची खबरही नसेल. मला मात्र ते लागलं.

२००२ साली दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात अँड्र्यू हॉवर्ड आणि नेट कोनिग यांनी गझेबो सुरू केलं. नाव झालं ते २०१३ च्या जूनमध्ये. डार्पा या अमेरिकी संरक्षण-संशोधन संस्थेच्या स्पर्धेत संघांनी ॲटलास हा माणसासारखा रोबो गझेबोच्या पडद्यावर चालवला, गाडीत बसवला, त्याच्याकडून नळाला पाइप जोडून घेतला.

आमच्यापर्यंत ते आलं २०१६ नंतर, उबुंटू १६.०४ आणि रॉस कायनेटिकच्या जोडीनं, पुण्यातल्या हॉस्टेलवर, ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर. लायडार या लेसर सेन्सरची किंमत ऐकूनच आम्ही गप्प बसायचो. इथे तो काही ओळींच्या फाइलमध्ये फुकट मिळत होता. लॅपटॉप दमला की रिअल टाइम फॅक्टर ०.३ वर यायचा, म्हणजे रोबोच्या दहा सेकंदांना आपला अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ. चाकाचा इनर्शिया वजनाच्या मानानं फारच कमी पडला की रोबो उभ्या जागी थरथरायचा आणि एकदम हवेत उडायचा. परीक्षेपुरतं घोकलेलं सूत्र तिथे कळायचं. संशोधनही त्यातूनच उभं राहिलं. घर्षणाचा शंकू गझेबोतलं ओडीई हे भौतिकीचं इंजिन पिरॅमिडसारखा धरतं. मग खऱ्या फरशीवर चाक घसरलं की रोबोनं काढलेला नकाशा नेमका कुठे वाकतो, हे आम्ही शोधत होतो.

प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेला आलेले एक्स्टर्नल म्हणाले, "मॉडेल कुठाय? हा तर व्हिडिओ गेम झाला." रेषेवरून चालण्यापलीकडे काही न करणाऱ्या गाड्यांना आमच्यापेक्षा जास्त मार्क पडले. तो निकाल चुकीचा होता, हे मी आजही म्हणते.

आता सिम्युलेशनला नावं ठेवणारं कुणी उरलं नाही. मी शिकवते तिथे पहिला प्रश्न असतो, कार्ड कोणतं? आयझॅक सिम हा सिम्युलेटर आरटीएक्स ग्राफिक्स कार्डाशिवाय चालत नाही. नवं गझेबो मोफत आहे, मुजोको हे दुसरं सिम्युलेटरही २०२२ पासून खुलं झालंय; पण प्रोजेक्ट मंजूर करताना नजर जाते ती चकचकीत दृश्यांकडेच. लॅबमध्ये तसं कार्ड असलेलं मशीन एकच. त्यासाठी वहीत नाव लिहून नंबर लावायचा, आणि संध्याकाळी पाचला लॅबला कुलूप. उदगीरहून आलेल्या पोरीनं रात्री दोनला आपला कोड चालवून बघायचा कुठे? साध्या लॅपटॉपवर केलेलं काम संशोधन म्हणून स्वीकारा, आणि ती लॅब रात्रभर उघडी ठेवा.