मध्यरात्रीचा खेळ

एप्रिल २०१९ मध्ये ‘अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम’ हा अचाट वीरांचा बोलपट मुंबईत मध्यरात्रीनंतरही चालू असे. नोकरीला विटलेले कित्येक तरुण तेथे नव्या उद्योगाचे मनोरथ रचीत बसले असतील. वाचकहो, यांतील अनेक वीरांचा एक जनक, अमेरिकन लेखक स्टॅन ली, हाही असाच विटला होता! दौतींत शाई भरण्यापासून आरंभ करून वीस वर्षे चित्रकथांत काढल्यावर तो धंदा सोडावयास निघाला. तो सांगे की, जायचेच तर एकदा मनासारखी कथा लिहून जा, असे पत्नी जोनने सुचविले. १९६१ मध्ये ‘फँटॅस्टिक फोर’ निघाले : आपसांत भांडणारे, माणसांसारखे वीर. (चित्रकार जॅक कर्बीचा वाटाही लहान नव्हे.) अंक खपला; ली तेथेच राहिला. ‘एंडगेम’मध्ये तो क्षणभर मोटार हाकताना दिसतो, मात्र नोव्हेंबर २०१८ मध्येच त्याने डोळे मिटले होते.