इंजिनाचा दम आणि चालकाची भाकरी

नांद्याची मालगाडी सूसच्या खिंडीत दम सोडू लागली, की चालक म्हणतो, "इंजिन गेले!" आम्ही म्हणतो, आधी मोजा. पेट्रोल इंजिनाचे सर्व प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचा दाब गेजने पाहावा. कमी असेल तेथे चमचाभर तेल सोडून पुन्हा पाहावा. वाढला, तर रिंगा वा बोअर झिजले. न वाढला, तर दोष व्हॉल्वचा किंवा हेड गॅस्केटचा. शेजारचे दोन्ही सिलिंडर पडले असतील, तर बहुधा गॅस्केटच. ते काम त्या मानाने थोडक्यात होते. बोअरच गेले असेल, तर दुरुस्तीचा खर्च आणि बुडणारा रोज यांची बेरीज दुसऱ्या धडक्या गाडीच्या किमतीशी ताडून पाहावी. हप्ता तर गाडी उभी राहिली तरी थांबत नाही. न मोजता गाडी भंगारात देणे म्हणजे आपली भाकरी आपणच मोडीत काढणे होय.